बॉल गुडघ्याच्या खाली

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला त्या हिवाळ्यात एकही गोल का करता येईना, याची कारणं ज्याने त्याने आपापल्या परीने दिली. बाबांचं म्हणणं, आम्ही नाश्ता न करता जातो. माझा मित्र नौशाद, त्याच्या अम्मीचं म्हणणं, नजर लागली आहे. माझी धाकटी बहीण ऋचा घरात मराठीत बोललेलं सगळं समजायची आणि उत्तर मात्र इंग्रजीत फेकायची. तिचं म्हणणं, "बिकॉज यू गाइज आर हॉरिबल." यातलं एकही कारण खरं नव्हतं. आम्ही हॉरिबल तर मुळीच नव्हतो हो! आमच्यासारखं पासिंग त्या अख्ख्या लीगमध्ये कुणाचं नव्हतं, हे मी आज गुडघ्याला पट्टा बांधून बसलेला माणूस शपथेवर सांगतो. खरं कारण आमच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत उभं राहून मेथी निवडत होतं. पण ते कळायला जवळजवळ सगळा सीझन गेला.

आम्ही शारजात अल मजाजला राहायचो, खालिद लगूनपासून दोन बिल्डिंग मागे. पाणी दिसणाऱ्या घरांचं भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं, त्यामुळे आमच्या खिडकीतून दिसायचं ते पार्किंग. बाबा दुबईत एका इन्शुरन्स कंपनीत मोटर क्लेम बघायचे. म्हणजे दिवसभर लोकांच्या चेपलेल्या गाड्या बघायच्या आणि संध्याकाळी जेवताना त्या आम्हाला वाढायच्या. "आज एक केस आली, मागचं दार असं आत गेलेलं," असं म्हणून ते पोळी मुडपून दाखवायचे, आणि मग हिशोब, "सहाशे दिरहम! म्हणजे जवळजवळ सहा हजार रुपये, नुसत्या एका दाराचे." आई दर वेळी "अगंबाई!" म्हणायची, जणू ते दार आमचंच होतं. आमच्याकडे तर तेव्हा गाडीसुद्धा नव्हती. उन्हाळाभर घर गच्च बंद असायचं, एसीच्या घरघरीत एकमेकांशी ओरडून बोलायचं. पण नोव्हेंबर लागला की आई एसी बंद करायची, सगळ्या खिडक्या सताड उघडायची आणि बाहेरचा सगळा मोहल्ला घरात शिरायचा. अजान, खालच्या कॅफेटेरियात पराठ्याच्या तव्यावर आपटणारं उलथनं, शेजारच्या मल्याळी घरातली खोबरेल तेलातली फोडणी, वॉचमनचा रेडिओ. आमच्याकडूनही काहीबाही बाहेर जायचं, थालिपिठाचा वास आणि आईचा आवाज. आईचा आवाज म्हणजे काय सांगू! पुण्यात शाळेत ती म्हणे प्रार्थना सांगायची, माइकशिवाय. आता पुण्यातच माझ्या घराला मोठमोठ्या खिडक्या आहेत आणि धूळ येते म्हणून सगळ्या बंद असतात. मला त्याचा भारी राग येतो, पण बायकोपुढे बोलायची सोय नाही.

तर त्या खिडकीखालच्या पार्किंगमध्ये मी फुटबॉल शिकलो. डांबर-बिंबर काही नव्हतं, नुसता वाळूचा मोकळा प्लॉट आणि त्यात मिळेल तिथे घुसवलेल्या गाड्या. गाड्यांच्या मध्ये जी गल्ली उरायची ते आमचं मैदान. एका टोकाला दिव्याचा खांब आणि बलदियाचा, म्हणजे तिथल्या म्युनिसिपालिटीचा, कचऱ्याचा डबा, तो एक गोल. दुसऱ्या टोकाला दोन चपला. नियम असे की बॉल गुडघ्याच्या वर गेला तर मारणारा आऊट. जोरात मारला तरी आऊट. आणि गाडीला लागून अलार्म वाजला, तर आऊट वगैरे काही नाही, सगळ्यांनी धूम ठोकायची आणि जिन्याच्या मागे जाऊन लपायचं. तुम्हाला वाटेल, काय भित्री पोरं होती! पण त्या देशातली पद्धत तुम्हाला माहीत नाही. तिथे गाडीवर साधा ओरखडा उठला तरी पोलिसांचा कागद असल्याशिवाय कुठलंही गॅरेज गाडीला हात लावत नाही. म्हणजे ओरखडा उठला की मालक पोलीस बोलावणार. पोलीस आले की नाव विचारणार. पोराचं नाव सांगितलं की बापाचं विचारणार. आणि बापाचं नाव पोलिसात गेलं की व्हिसा कॅन्सल, खलास, पुढच्या विमानाने सगळं बिऱ्हाड परत! यातलं शेवटचं पाऊल सरकारने नव्हे, आमच्या आयांनी जोडलेलं होतं. बॉल लागला म्हणून कुणाचा व्हिसा गेल्याचं मी आजतागायत ऐकलेलं नाही. पण आमच्या आईचा त्यावर ठाम विश्वास होता. त्यामुळे खाली कुणी जरा पाय मागे नेला रे नेला, की वरून हाक यायची, "मिलिंदाऽऽ, हळूऽऽ! गाडीऽऽ!" ही हाक मी सात वर्षांचा असल्यापासून ऐकली. मिलिंद हे नाव माझं, पण त्या हाकेने पार्किंगमधल्या एकूण एक पोराचा पाय थांबायचा, मग तो पेशावरचा असो की पालघाटचा.

कॉलेजात गेलो तेव्हा तिथे इद्रिस सर होते. सुदानचे, सहा फुटांहून उंच, शिकवायचे गणित आणि जीव अडकलेला फुटबॉलमध्ये. मुलांनी आजवर क्रिकेटशिवाय काही मागितलंच नव्हतं, सरांनी प्रिन्सिपॉलच्या मागे लागून पहिली फुटबॉल टीम उभी केली. नौशाद कॅप्टन झाला. तो मूळचा रत्नागिरीकडचा, राहायला शारजाला लागूनच असलेल्या अजमानला, त्याच्या अब्बांचं तिथल्या बंदराजवळ दोर आणि जाळ्यांचं दुकान. कॉलेजने गोलपोस्ट दिले पण नेट द्यायला नकार दिला, तर नौशादने दुकानातून मासेमारीची दोन जुनी जाळी उचलून आणली आणि बांधून टाकली. त्यांना मासळीच्या वासाबरोबर मधे मधे भोकंही होती. मी सेंटर फॉरवर्ड, पाठीवर नऊ नंबर. आईने तो आकडा लाल रिबिनीने शिवला होता, आणि वर म्हणाली होती, "बघ हं, आता नवव्या नंबराला शोभेलसं खेळ." नवव्या नंबराचं काम गोल करणं असतं हे तिला बिचारीला ठाऊक नव्हतं.

पहिली मॅच हरलो तेव्हा वाटलं, होतं असं. दुसरी हरलो तेव्हा बुटांना दोष दिला. मग मात्र बघणाऱ्यांच्याही लक्षात यायला लागलं. बॉल आमच्याकडेच असायचा हो, सगळा वेळ! इकडून तिकडे, तिकडून इकडे, समोरच्यांच्या पायांमधून, जमिनीला चिकटून असा सुरेख जायचा की समोरचे उभे राहून बघायचे. आणि गोलच्या तोंडाशी पोचलो की काय व्हायचं कोण जाणे. मी पाय मागे न्यायचो, आणि तो पुढे यायचाच नाही. म्हणजे यायचा, पण एखाद्या तान्ह्या बाळाला थोपटावं तसा. नाहीतर मी नौशादला पास द्यायचो. नौशाद मला परत द्यायचा. "घे." "नाय, तूच घे रे." असं आमचं गोलीच्या पुढ्यात चालायचं, लग्नाच्या पंगतीतल्या आग्रहासारखं. तेवढ्यात त्यांचा कुणी धटिंगण धावत येऊन बॉल आमच्या गोलपर्यंत उंच भिरकावून द्यायचा, आणि आमच्या गोलीने तर गुडघ्याच्या वरचा बॉल जन्मात बघितलेला नव्हता. झालं, आत! इद्रिस सर शारजात शिकलेल्या खिचडी भाषेत डोकं धरून ओरडायचे, "पासिंग जेन, रनिंग जेन, गोल माफी! व्हाय गोल माफी, हबीबी?" तिथल्या बोलीत जेन म्हणजे झकास आणि माफी म्हणजे नाही. कॉलेजच्या पोरांनी त्याचीच घोषणा केली. आम्ही कॅन्टीनमध्ये शिरलो की कोपऱ्यातून सूर निघायचा, "गोऽऽल माफी!"

घरी उपाय सुरू झाले. बाबांनी सकाळी सक्तीने अंडी चारली. आईने मीठ-मोहरी-मिरच्यांनी माझी दृष्ट काढली, त्या धुराने शेजारचे मल्याळी काका खोकत दार वाजवत आले आणि दृष्ट कशाची हे समजल्यावर आईला म्हणाले, "चेची, टीममध्ये अकरा जण आहेत, सगळ्यांची एकदम काढा." नौशादच्या अम्मीला आम्ही खाला म्हणायचो, त्यांनी वाफवलेली सांदणं पाठवली, नारळाच्या दुधासकट. उपाय म्हणून ती सगळ्यात छान होती. पाठोपाठ दोन मॅच हरलो तरी मी खालाला म्हणालो, अजून चार-पाच वेळा देऊन बघा.

आणि मग प्रिन्सिपॉल थॉमस सरांनी इद्रिस सरांना आणि आम्हा दोघांना बोलावून घेतलं. माणूस अतिशय सभ्य, आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळे बोलणं जास्तच लागायचं. ते म्हणाले, क्रिकेटवाल्यांनी पुढल्या वर्षी मैदान पूर्ण वेळ मागितलं आहे, नेट प्रॅक्टिससाठी. मी त्यांना काय सांगू? इद्रिस सर म्हणाले, सर, शेवटची मॅच उरली आहे, आपल्याच मैदानावर. थॉमस सर थोडं हसले. "मिस्टर इद्रिस, आय अॅम नॉट आस्किंग फॉर व्हिक्टरी. आय अॅम आस्किंग फॉर वन गोल." एक गोल केला तर टीम राहील, नाही तर इद्रिस सरांनी आपलं गणित शिकवावं. बाहेर आल्यावर एवढा धिप्पाड माणूस कॉरिडॉरमध्ये खडूने पांढरे झालेले हात नुसते पुसत राहिला. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या घरचे सगळे तिकडे खार्टूमला होते, इथे त्यांना संध्याकाळी आमच्याशिवाय होतं कोण?

त्याच आठवड्यात प्रॅक्टिसमध्ये माझा घोटा मुरगळला आणि सर मला त्यांच्या खटारा गाडीतून घरी सोडायला आले. चौथ्या मजल्यावर धरून आणलं, सोफ्यावर पाय वर ठेवून बसवलं, आणि निघाले. आई कुठली सोडायला! "चहा घेतल्याशिवाय नाही जायचं, सर. बैठो, बैठो." पोहे टाकले, चहा ठेवला. खिडक्या उघड्याच. खाली नव्या पिढीची चिल्लीपिल्ली खेळत होती, सर कप घेऊन खिडकीपाशी उभे राहिले आणि बघायला लागले. फुटबॉल दिसला की त्यांना राहवायचं नाही. आई टेबलापाशी पोह्यांवर कोथिंबीर पेरत होती, तिची पाठ खिडकीकडे. खाली एका पोराला खांबासमोर मोकळा बॉल मिळाला. सर पुटपुटले, "शूट, शूट." आणि इकडे आईने मान न वळवता, कोथिंबिरीची चिमूट हातात तशीच धरून, हाक घातली, "हळूऽऽ! गाडीऽऽ!" तिला म्हणे नुसत्या पावलांच्या आवाजावरून कळायचं. खाली पोराचा पाय जागच्या जागी थांबला आणि बॉल घरंगळत खांबाशी गेला. पण सर आता खाली बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. कारण सोफ्यावर उशीवर ठेवलेला माझा तो सुजलेला पाय त्या हाकेसरशी सपकन मागे आला होता आणि मी "आई गं!" म्हणून कळवळलो होतो.

सरांनी कप खाली ठेवला. मला म्हणाले, "अगेन." मला कळेना. मग आईला म्हणाले, "सिस्टर, प्लीज, फिर से बोलो." आई गोंधळली, पण पाहुण्याचा मान म्हणून तिने जरा लाजत पुन्हा हाक दिली, आणि माझा पाय पुन्हा मागे! मला तो थांबवता येईना. त्यावर इद्रिस सर जे हसायला लागले ते खिडकीची चौकट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मिलिंद! इन दिस लीग, द बेस्ट डिफेंडर इज युअर मदर! और वो हमारे अगेन्स्ट खेलता है!" ऋचा आतून आली आणि सगळं ऐकून म्हणाली, "आय टोल्ड यू, आई, यू आर टू लाउड." आईचा चेहरा मात्र पडला. तिने मला मराठीत हळूच विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे गोल होत नाहीत का रे?" मी "छे गं" म्हणालो, पण माझ्या म्हणण्यात काही दम नव्हता.

माझ्या घोट्याची सूज उतरल्यावर सरांनी टीमला रांगेत उभं करून विचारलं, खेळायला कुठे शिकलात? शारजातल्याच रोल्लाचा म्हणाला, पार्किंग. बर दुबईचा म्हणाला, पार्किंग. नौशाद म्हणाला, "सर, आमच्या अजमानला मशिदीच्या बाजूला, पार्किंग." एकालाही मैदान मिळालेलं नव्हतं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कुठली ना कुठली खिडकी होती. मग सरांनी आम्हाला दोन गाड्यांत कोंबून अजमानच्या पलीकडे वाळवंटात नेलं. तिथे गाडी नाही, बिल्डिंग नाही, लांबवर चार उंट, बास. "यल्ला, चलो," म्हणाले, "मारो! जितना जोर है, मारो!" आधी आमचे पाय धजेनात. मग नौशादने "या अल्ला!" म्हणून एक लाथ घातली आणि बॉल टेकडीपलीकडे गेला. काय सांगू तो आनंद! आम्ही वेड्यासारखे ओरडत मारत सुटलो, जो लांब मारेल त्यानेच धावत जाऊन आणायचा, तरी कुणी थांबेना. घोटा अजून थोडा दुखत होता, ते मी कुणाला सांगितलंच नाही. आयुष्यात पुढे बरंच काही मिळालं, पण बॉल असा पूर्ण ताकदीने पायावरून सुटण्याचं सुख त्या दुपारी पहिल्यांदा मिळालं.

पण वाळवंट वेगळं आणि कॉलेजचं मैदान वेगळं, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या मैदानाच्या एका गोलच्या मागे कॉलेजचं पार्किंग होतं. त्यात पत्र्याची सावली एकाच गाडीपुरती, आणि ती गाडी थॉमस सरांची, पांढरीशुभ्र, बरोब्बर गोलच्या मधोमध मागे. म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी इद्रिस सर पुन्हा आमच्याकडे आले आणि आईला म्हणाले, सिस्टर, तुम्ही यायचं आणि ओरडायचं. 'हळू' नाही, दुसरं काहीतरी. आई म्हणाली, "मी? मैदानात? एवढ्या पुरुष माणसांत? काहीतरीच काय!" इतकी वर्षं अख्ख्या अल मजाजवर ओरडलेली बाई लाजून पदराशी चाळा करायला लागली. शेवटी खालाने फोन करून सांगितलं, "वहिनी, मी पण येतंय. आपण दोघी बसू," तेव्हा कुठे ती तयार झाली.

गुरुवारची दुपार, तिथे आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. कॉलेज अर्ध्या दिवसात सुटलेलं, त्यामुळे घोषणा द्यायला सगळी पोरं हजर. आई आणि खाला गोलच्या बाजूला, पत्र्याच्या सावलीच्या कडेला खुर्च्या टाकून बसल्या, मधे सांदणं आणि पोळ्यांचा डबा. बाबाही हाफ डे टाकून आले, ऋचा "आय अॅम ओन्ली हिअर फॉर द सांदणं" म्हणत आली. थॉमस सर आपल्या गाडीपासून जरा बाजूला उभे. पहिला हाफ आम्ही पलीकडच्या गोलवर खेळलो, दोन मारले आणि दोन्ही पोस्टच्या बाहेर गेले, पण मारले तरी! समोरच्यांनी मात्र आमच्यावर दोन चढवले. दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलल्या आणि ती पांढरी गाडी आमच्यासमोर आली. झालं. पाय पुन्हा गोठले. पुन्हा 'घे', पुन्हा 'तू घे'. त्यांनी तिसरा गोल केला. कोपऱ्यातून सूर निघाला, "गोऽऽल माफी!" मी इद्रिस सरांकडे बघितलं, ते ओरडत नव्हते. घड्याळाकडेही बघत नव्हते. नुसते हात पुसत होते.

संपत आली होती मॅच. नौशादने डावीकडून जमिनीलगत असा पास दिला की तो माझ्या पायाशी येऊन थांबला. समोर गोली एका बाजूला कललेला, गोल उघडा, आणि जाळीच्या भोकांतून चमकणारी ती गाडी. मी पाय मागे नेला. आणि खरं सांगतो, कुणी काही बोललं नव्हतं तरी मला कानात "हळूऽऽ" ऐकू आलं. पाय मागे तो मागेच. तेवढ्यात खुर्ची उलटल्याचा आवाज झाला आणि त्या माइकशिवायच्या आवाजात, चौथ्या मजल्यावरून खाली पोचणाऱ्या त्या आवाजात, आई कडाडली, "मार रेऽऽ! मार मेल्या! गाडीचं काय व्हायचं ते होऊ देऽऽ!"

मी डोळे मिटले आणि मारला.

एवढा जोरात मारलेला बॉल गाड्यांच्या दिशेने निघाला की पुढे काय करायचं, हे आमच्या अकराही जणांच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं होतं. आवाज व्हायच्या आधीच सगळ्यांनी पाठ फिरवली होती. मग धाडकन पत्रा वाजला, आणि थॉमस सरांच्या गाडीचा अलार्म ठणाणा बोंबलायला लागला. आम्ही धूम ठोकली! मी, नौशाद, आमचा गोलीसुद्धा आपला गोल उघडा टाकून. मैदान ओलांडून, कॅन्टीनला वळसा घालून, थेट कॉलेजच्या जिन्यामागे. तिथे एकमेकांना चिकटून धापा टाकत उभे. मग नौशादने, टीमच्या कॅप्टनने, मला विचारलं, "मिल्या, गेला काय रे आत?" मी म्हणालो, "मला काय माहीत, मी डोळे मिटले होते. तू नाही बघितलास?" तो म्हणाला, "मी तर पळत व्हतो." अकरा जणांत एकानेही बघितलं नव्हतं.

मागे मैदानात काय झालं ते मी आईकडून ऐकलं, बाबांकडून ऐकलं, ऋचाकडून इंग्रजीत ऐकलं. समोरची टीम भांडत होती की बॉल पोस्टच्या बाहेरून गेला. रेफरीलाही खात्री होईना, कारण बॉल जाळ्याच्या भोकातून आरपार गेलेला. तेव्हा थॉमस सर आपल्या गाडीच्या दारापाशी वाकले, पोचा बघितला, पोच्यापासून जाळ्याच्या भोकाकडे बघितलं, आणि सावकाश म्हणाले, बॉल इथे लागायचा असेल तर तो गोलमधूनच आला पाहिजे. मग त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाबा शेजारी उभे होते, त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "साधारण चारशे दिरहम, सर. म्हणजे चार हजार रुपये." आणि आई? आई सरळ थॉमस सरांसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, पोलीस बुलाओ तो मेरा नाम लिखो. आय टोल्ड हिम. लडके का नाम नहीं, उसके पापा का भी नहीं. ओन्ली माय नेम." जिने आयुष्यभर आम्हाला पोलिसाच्या नुसत्या कल्पनेने पळवलं, ती! थॉमस सर म्हणाले, "मॅडम, नो पोलीस. आय आस्क्ड फॉर वन गोल. आय गॉट इट, डिलिव्हर्ड टु माय कार."

इद्रिस सर आम्हाला शोधत जिन्यामागे आले तेव्हा रडत होते की हसत होते, सांगता येत नव्हतं. त्यांनी आम्हाला ओढत मैदानात नेलं, कारण रेफरी ताटकळला होता आणि खेळायला एकच टीम उरली होती. मॅच आम्ही हरलो ते हरलोच, त्याची कुणाला पडली होती! डबा उघडला, सांदणं आणि पोळ्या समोरच्या टीमनेही खाल्ल्या. टीम राहिली. मी कॉलेजात होतो तोवर सर संध्याकाळी आमचे राहिले, आणि थॉमस सरांनी ते दार कधीच दुरुस्त केलं नाही. पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेजवाला हात लावेना, आणि पोलिसांना काय सांगणार, असं ते म्हणायचे.

पुढे माझ्या पायाने बरेच गोल झाले. ते सगळे मी डोळ्यांनी बघितले आणि आता एकही धड आठवत नाही. हा एक मात्र बघितला नाही, आणि तोच हवासा वाटतो. म्हणून अजूनही, आई आता नीट चालूही शकत नाही, तरी दुपारचा चहा झाला की मी तिच्या खाटेशी बसतो आणि म्हणतो, "आई, सांग ना गं, कसा गेला?" तिला ऑफसाइड कळत नाही, पेनल्टी कळत नाही. ती उठून बसते, हात वर करून हवेत एक रेघ ओढते, आणि आवाज अजून तसाच, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असा. "अरे, असा गेला! गुडघ्याच्या किती वर!"